नसलेल्या आंब्याची वाटणी

बंडप्पा तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष झाला त्याला चार वर्षं झाली, आणि ह्या चार वर्षांत रुईनाळ गावात एकही तंटा झाला नाही. भांडणं झाली. ती रोजच व्हायची. लक्ष्मम्मा सकाळी दात घासायच्या आधी कुणाला तरी शिव्या घालून मोकळी व्हायची. एका यात्रेत तर कुस्त्या संपल्यावर खरी कुस्ती लागली आणि तिघांची डोकी उमरग्याला नेऊन शिवून आणावी लागली. पण तंटा मात्र एकही नाही. कारण तंटा म्हणजे समितीच्या नोंदवहीत लिहिलेला असतो तो, आणि बंडप्पाच्या नोंदवहीचं पहिलं पान अजून कोरं होतं.

"लिव्हलं की असतंय, न लिव्हलं की नसतंय," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. हे तत्त्वज्ञान त्याला कुणी शिकवलं नव्हतं. सातबारा बघून बघून आपोआप आलं होतं.

बंडप्पाला आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती. 'भांडणमुक्त गाव' स्पर्धेचा फलक, आणि त्यावर 'अध्यक्ष' ह्या शब्दापुढं स्वतःचं नाव. बाकी सगळी तयारी झाली होती. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात ग्रामपंचायतीची इमारत होती. तिच्या दर्शनी भिंतीत त्यानं फलकाच्या मापाचा कोनाडा करून घेतला होता, कडेनं फरशी, वर ट्यूबलाइट. फक्त फलक तेवढा यायचा होता. चार वर्षं ती ट्यूबलाइट रोज संध्याकाळी रिकाम्या भिंतीवर उजेड पाडत होती. लक्ष्मम्मानं पहिल्याच सोमवारी तिथं हळदकुंकू वाहिलं. कुणीतरी विचारलं, "लक्ष्मम्मा, त्यात देव कुठाय?" ती म्हणाली, "लाइट लावल्याय म्हंजे आसंल की कोन तरी." तेव्हापासून कोनाड्यात दर सोमवारी फूल पडायचं.

ह्या वर्षी स्पर्धेचा अर्ज ऑनलाइन झाला. ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरची कामं करणारी सृष्टी अर्ज भरायला बसली आणि बंडप्पा धुतलेलं धोतर नेसून तिच्यामागं उभा राहिला, जणू कॉम्प्युटर त्याला बघणार होता.

"एकूण तंटे किती, अप्पा?"

"शून्य."

"मिटवलेले?"

"शून्यच की. नसलेले मिटवावं कसं?"

सृष्टीनं बटण दाबलं. पडद्यावर लाल पट्टी आली. तिनं वाचून दाखवलं, "टक्केवारी काढता येत नाही. भाजक शून्य असू नये."

"भाजक कोन?"

"खालचा आकडा, अप्पा. एकूण तंटे."

"मग त्याला वर घे."

"वर पण शून्यच हाय."

बंडप्पाला वाटलं पोरीला जमत नसेल. त्यानं गुरुलिंग सरांना बोलावून आणलं. सर तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून कुणी काही विचारील ह्याची वाट बघत पारावर बसून असायचे. लाल पट्टी बघून ते इतके खुश झाले की आधी चष्मा पुसून घेतला.

"बंडप्पा, समज, तुझ्या घरात एक पण भाकरी न्हाय. आन् जेवायला एक पण माणूस न्हाय. तर परत्येकाला किती भाकरी आल्या?"

"एक पण न्हाय."

"परत्येकाला म्हंजे कुणाला?"

बंडप्पानं जरा विचार केला. "म्हंजे उपाशी कुणीच ऱ्हायलं न्हाय की."

"आन् जेवलं बी कुणी न्हाय. तसं तुझं गाव हाय. भांडखोर बी न्हाय, शांत बी न्हाय. ह्या मशीनच्या लेखी गावच न्हाय."

"सर, पलीकडच्या गावात बावीस तंटे झाले, बावीस मिटवले. शंभर टक्के आले त्यास्नी. फलक लावून मिरवालेत. डोकी फोडणाऱ्याला फलक, आन् आमी गप बसलो म्हणून आमाला लाल पट्टी?"

"गणिताला दयामाया नसती बाबा. शून्यानं भागाय गेलं की गाडी तिथंच थांबती. तुला निदान एक तरी तंटा पायजे."

एक तंटा. रुईनाळमध्ये तंट्याला काय तोटा, असं वाटून बंडप्पा वही बगलेत मारून निघाला. आधी लक्ष्मम्माकडं गेला. तिचं नि सुनेचं त्याच वेळी जोरात चाललेलं होतं. पण वही दिसली तशा दोघी एकदम गप्प झाल्या आणि सून म्हणाली, "कुठं काय, आमी तर गप्पा मारालो." यात्रेत डोकं फुटलेल्यांपैकी एकाच्या पोराची सोयरीक चालली होती. "वहीत नाव आलं की पोरगी कोन देतंय," म्हणून त्यानं टाक्यांच्या खुणेवर टोपी ओढून घेतली. दुसऱ्यानं तर डोकं जन्मापासून असंच असल्याचं सांगितलं. दुपारपर्यंत बंडप्पाच्या ध्यानात आलं, की खरं भांडण वहीत यायला कुणीच तयार नाही. म्हणजे खोटं पाहिजे.

आणि खोटं भांडायचं तर माणसं अशी पाहिजेत की ज्यांचं खरं भांडण होणारच नाही. अशी जोडी गावात एकच होती, दगडोबा आणि श्रीमंत. दोघांची शेतं एकमेकाला लागून, मध्ये एक बांध. चाळीस वर्षं दोघं रोज दुपारी त्या बांधावर शेजारी बसून जेवायचे, दगडोबाच्या घरची भाकरी आणि श्रीमंतच्या घरची चटणी. बांध म्हणजे नुसता बांध होता. त्यावर झाड सोडा, बोराटीचं झुडूपसुद्धा नव्हतं. डोक्यावर टॉवेल टाकून दोघं उन्हात बसायचे आणि "लई ऊन हाय" एवढंच एकमेकाला सांगायचे. ह्यावरसुद्धा चाळीस वर्षांत त्यांचा मतभेद झाला नव्हता.

"पंधरा दिवस नुसतं भांडल्यागत करा," बंडप्पा बांधावर उकिडवा बसून म्हणाला. "मग समिती मिटवती. एका पानाचा विडा दोघं अर्धा-अर्धा खावा, की झालं. गावाचं नाव व्हतंय."

"पर भांडावं कशावर?" दगडोबा म्हणाला. "बांधावर?"

"बांधावर नगं. मोजणीवाला येतोय. मग खरंच लागतंय." बंडप्पानं आवाज खाली आणला. "जी वस्तू न्हायच, तिच्यावर भांडा. तिला तलाठी काय करतोय, आन् कोर्ट काय करतंय? ह्या बांधावर एक झाड हाय आसं धरा."

दोघांना पटलं. दगडोबा म्हणाला, "लिव्ह मग बाभळ."

"बाभळ?" श्रीमंतनं घास थांबवला. "झाड लिव्हायचंच हाय तर बाभळ कशाला? आंबा लिव्ह."

"खोटंच हाय तर बाभळीनं काय बिघडतंय?"

"खोटंच हाय तर आंब्यानं काय बिघडतंय?"

दगडोबानं भाकरी टॉवेलात बांधली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा अर्धी उरली होती. बंडप्पाला हे इथंच कळायला पाहिजे होतं. पण तो त्या वेळी 'आंबा, गावरान, वय अंदाजे साठ वर्षे' असं लिहीत होता आणि स्वतःच्याच अक्षरावर खुश होता.

तंट्याला वजन यावं म्हणून त्यानं पुढं आपल्या मनानं दोन ओळी घातल्या, 'अर्जदार श्रीमंत यांची तक्रार अशी की, दगडोबा हे गेली चाळीस वर्षे सदर आंब्याची फळे एकटेच घेत आहेत.' मग पंचनामा केला. सात पंचांनी पारावर बसल्या बसल्या 'झाड समक्ष पाहिले' म्हणून सह्या केल्या. एकानं तेवढं विचारलं, आंबा गोड का आंबट. दोन्ही बाजूंचं ऐकल्याशिवाय सांगता येणार नाही, असं बंडप्पा म्हणाला.

आता नियम असा होता की नोंदलेला तंटा ग्रामसभेत मोठ्यानं वाचायचा. रुईनाळमध्ये मोठ्यानं म्हणजे भोंग्यावर. श्रीमंतची बायको मथुराबाई घरी भांडी घासत होती. 'चाळीस वर्षे' आणि 'एकटेच' हे दोन शब्द तिच्यापर्यंत नीट पोचले.

श्रीमंत घरी आला तर ती दारातच.

"चाळीस वर्षं? आन् माझ्या घरात एक कैरी न्हाय?"

"आगं, ते खोटं हाय. झाडच न्हाय तितं."

"मग तक्रारीवर सही कुणाची हाय?"

"माझीच हाय, पर—"

"म्हंजे तुमास्नी ठावं हुतं. चाळीस वर्षं तुमी तितं बसून बघालाव, आन् मी बाजारातनं इकतच्या कैऱ्या आणून लोणचं घालाले."

रात्रभर विचार केल्यावर श्रीमंतला बायकोचं म्हणणं अगदीच चूक वाटेना. चाळीस वर्षं चटणी त्याची होती, हे तर खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी मथुराबाईनं नळावर दगडोबाच्या बायकोला, कोंडाबाईला, गाठलं आणि सगळ्या बायकांसमोर हिशोब मागितला. कोंडाबाई आधी म्हणाली, आमच्या घरात आंबा आलाच नाही. मग म्हणाली, आला असंल तर बाजारातनं आला असंल. घागर भरत आली तशी म्हणाली, "आन् खाल्ले आसतील तर आमच्याच झाडाचे खाल्ले. माझ्या सासूनं लावलेलं झाड हाय ते."

झालं. आता झाडाला लावणारी पण मिळाली. चार दिवसांत सगळ्या गावाला आंबा आठवायला लागला. एका म्हाताऱ्याला त्याच्यावरचा झोका आठवला. एकाला त्यावरून पडून मोडलेला हात आठवला, आणि हात खरंच वाकडा होता. लक्ष्मम्मानं निकाल देऊन टाकला, "आंबट हुता मेला. नुसता कोय आन् दोरे." तेवढ्यावरून तिचं कोंडाबाईशी पण वाजलं.

बांधावर दोघं अजून जेवायचे, पण एकमेकाकडं पाठ करून. एकाकडं नुसती भाकरी, एकाकडं नुसती चटणी.

पंधराव्या दिवशी समिती बसली. मध्ये ताटात एकच विडा. बंडप्पानं निकाल दिला, निम्मं निम्मं. दगडोबा म्हणाला, खोड त्याच्या बाजूला आहे. श्रीमंत म्हणाला, फांद्या सगळ्या त्याच्याकडं गेल्यात. शेवटी गुरुलिंग सर उठले.

"आरं बाबांनो, झाड म्हंजे शून्य. शून्याला दोनानं भागा. ह्ये मातुर चालतंय गणितात. दोघाला बी शून्य शून्य येतंय. घ्या आन् सही करा."

श्रीमंतनं संशयानं विचारलं, "मला किती?"

"शून्य."

"आन् त्याला?"

"त्याला बी शून्य."

"मग न्हाय जमत. चाळीस वर्षं त्यानंच खाल्लंय. आता बराबर कसं काय?"

"सर, माझं शून्य माझ्या आईच्या हातचं हाय," दगडोबा म्हणाला. "त्यातलं ह्याला कशापायी देऊ?"

विडा तसाच सुकला. गुरुलिंग सर घरी जाऊन झोपले. तीस वर्षांत असा वर्ग त्यांना मिळाला नव्हता.

सृष्टीनं अर्जाचा मसुदा उघडून दाखवला. एकूण तंटे एक, मिटवलेले शून्य. आता टक्केवारी झटकन निघत होती. शून्य टक्के, हिरव्या अक्षरात. "आधी गाव नव्हतंच, अप्पा," ती म्हणाली, "आता हाय, पण जिल्ह्यात शेवटचं."

त्याच आठवड्यात तालुक्याहून पडताळणी समितीचे रणधीर साहेब गाडी घेऊन आले. भला माणूस होता, पण जागेवर जाऊन बघायची सवय होती. पंचनामा वाचून म्हणाले, "साठ वर्षांचं झाड. चला, सावलीतच बसून मिटवू."

ही सूचना ऐकून सात पंचांना एकदम सात कामं आठवली. पण साहेबांनी सगळ्यांना बरोबर घेतलं. पुढं साहेब, मागं बंडप्पा, त्यामागं पंच, त्यामागं दगडोबा आणि श्रीमंत, सगळ्यात मागं उरलेलं गाव. बांधावर पोचले. बारा वाजले होते. लांबपर्यंत नुसतं ऊन.

"झाड कुठंय?" साहेबांनी विचारलं.

बंडप्पा उत्तर शोधत होता. आणि तेवढ्यात पंधरा दिवसांची कोरडी भाकरी दगडोबाच्या तोंडून बोलली.

"ह्यानं तोडलं."

श्रीमंतच्या हातातला टॉवेल गळाला. "म्या? म्या तोडलं? काय बोलालास दगडू तू?"

"एवढं मोठं फळझाड? विनापरवाना?" साहेबांनी पेन काढलं. "हे तंट्यात येत नाही, ही सरकारी बाब झाली. बुंधा कुठंय?"

"बुंधाच न्हाय, साहेब," श्रीमंत काकुळतीला आला. "बघा की. खड्डा पण न्हाय."

"म्हणजे मुळासकट काढून खड्डा पण बुजवला," साहेब लिहिता लिहिता म्हणाले. "नियोजन करून केलेलं दिसतंय."

झाड तोडलं नाही हे आता श्रीमंतनं कसं दाखवायचं? जितकं दाखवावं की इथं काही नाही, तितकं ते तोडल्याचंच सिद्ध होत होतं. दगडोबाचं तोंड उतरलं होतं; बोलून गेला होता, आता गिळता येत नव्हतं. श्रीमंत बंडप्पाकडं वळला.

"बंडप्पा, तूच सांग. झाड हुतं का न्हवतं?"

सगळं गाव बंडप्पाकडं बघायला लागलं. पंच आपापल्या चपलांकडं बघायला लागले.

बंडप्पानं आयुष्यात एवढ्या वेगानं गणित कधी केलं नव्हतं. झाड नव्हतं म्हणावं, तर पंचनामा खोटा, सह्या खोट्या, वही खोटी. तंटा गेला, भाजक गेला, पुन्हा लाल पट्टी. झाड होतं म्हणावं, तर श्रीमंत अडकला. मग तो कशाला सही करतोय, आणि शून्य टक्के कायमचे. झाड असून चालत नव्हतं आणि नसूनही चालत नव्हतं. ते असायला पाहिजे होतं, आणि ह्या दोघांपैकी कुणी तोडलेलं नसायला पाहिजे होतं. त्याला डोळ्यांपुढं कोनाडा दिसला. ट्यूबलाइट दिसली.

"साहेब, झाड हुतं," तो म्हणाला. "म्या तोडलं."

वारा नव्हताच, पण पडल्यासारखा वाटला.

"तुम्ही? का?"

"सावली... सावली लई पडत हुती."

"लाकडाचं काय केलं?"

"जाळलं."

"साठ वर्षांचं झाड? एकट्यानं?"

"हळूहळू जाळलं, साहेब."

दगडोबा आणि श्रीमंत एकमेकाकडं पाठ करून उभे होते. आता दोघं सावकाश एकाच बाजूला वळले. दगडोबाचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटं नव्हतं.

"माझ्या आईच्या हातचा आंबा," तो म्हणाला. "आन् तू हळूहळू जाळलास?"

"आन् आमी इथं येड्यावाणी एकमेकाच्या उरावर बसलाव," श्रीमंत म्हणाला. "दगडू, आण तो कागद हिकडं. कुठं करायची सही?"

बांधावरच दोघांनी सह्या केल्या. कुणाच्या तरी चंचीतनं पान निघालं, अर्धा-अर्धा विडा झाला. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. एका पंचानं बंडप्पाच्या पायाशी थुंकून घेतलं. 'समक्ष पाहिले' म्हणून सही त्याचीच पहिली होती.

पण बंडप्पाचं लक्ष तिकडं नव्हतं. तो तरातरा ग्रामपंचायतीत गेला. सृष्टीनं आकडे भरले. एकूण एक, मिटवलेले एक. शंभर टक्के. बंडप्पानं पडद्याला हात लावून नमस्कार केला.

"थांबा अप्पा, अजून एक प्रश्न हाय शेवटचा," सृष्टी म्हणाली. "अध्यक्षावर कुठली चौकशी चालू आहे का? हो, का नाही?"

"नाही लिव्ह."

"हो लिही," मागं पाणी पीत उभे असलेले रणधीर साहेब म्हणाले. "आत्ताच सुरू केलीय मी. आणि चौकशी असलेला माणूस अध्यक्ष राहत नाही. दुसरा निवडा आणि मग बटण दाबा."

गावानं एकमतानं दगडोबाला निवडलं. ज्याचं एवढं मोठं झाड गेलं त्याला गावानं एवढं तरी द्यावं, असं श्रीमंतनंच सुचवलं.

तीन महिन्यांत फलक आला. कोनाड्यात अगदी मापात बसला. 'अध्यक्ष: श्री. दगडोबा', त्यावर ट्यूबलाइटचा उजेड. लक्ष्मम्मानं मात्र सोमवारची फुलं बंद केली. "आदी देव हुता तितं," ती म्हणते, "आता पाटी लावल्याय."

बंडप्पाला शिक्षा फार नाही झाली. त्याच बांधावर आंब्याची दहा रोपं लावायची आणि तीन वर्षं पाणी घालून जगवायची. गावाची शिक्षा वेगळीच चालू आहे. ह्या उन्हाळ्यात कुणी त्याला रसाला बोलावलं नाही. नळावर मथुराबाई अजून सांगते, ह्या बंडप्पामुळं औंदाचं लोणचं गेलं.

रोज दुपारी तो खांद्यावर कावड घेऊन बांधावर जातो. दगडोबा आणि श्रीमंत डोक्यावर टॉवेल टाकून भाकरी-चटणी खात बसलेले असतात. त्याला 'ये जेवाय' म्हणत नाहीत. परवा त्यानं गुरुलिंग सरांना वाटेत अडवून हळूच विचारलं होतं, "सर, झाड न्हवतंच की नाही वो?" सरांनी चष्मा पुसला. "बंडप्पा," ते म्हणाले, "तोडून टाकल्यावर इचारालास व्हय?"

काल ऊन फारच होतं. दहाव्या रोपाला पाणी घालून झाल्यावर बंडप्पानं कावड खाली ठेवली आणि तो बांधाच्या मधोमध जरा टेकला. तिथं कसं कुणास ठाऊक, ऊन थोडं कमी लागत होतं. त्यानं डोळे मिटले, पाठ मागं टेकवायला गेला.

"ऊठ तिथनं," श्रीमंत घास गिळत म्हणाला. "आमचा आंबा हुता तितं."

बंडप्पा मुकाट उठला आणि उन्हात सरकला.